सांध्यातल्या जंतूंचा माग काढणारा सर्जन

गुडघ्याच्या वाट्या झिजल्या आणि डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितला, की बीड जिल्ह्यातल्या घराघरांत सारखीच चर्चा सुरू होते. खर्च किती येईल, ऑपरेशन लातूरला करायचं की छत्रपती संभाजीनगरला, नंतर मांडी घालून बसता येईल का, शेतात जाता येईल का. बदललेल्या सांध्यात जंतू शिरले तर काय, हा प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही. आज शंभरातल्या एका-दोघांच्याच बाबतीत असं घडतं. पण ज्यांच्या बाबतीत घडतं त्यांना पुन्हा एक, कधी दोन-तीन ऑपरेशनं सोसावी लागतात. महिनोन् महिने अंथरूण धरावं लागतं आणि क्वचित पायही गमवावा लागतो.

सांधेरोपणाच्या सुरुवातीच्या काळात हेच प्रमाण शंभरात सात ते नऊ इतकं होतं. ते खाली आणण्यासाठी ज्यांनी आयुष्याची वीस वर्षं खर्ची घातली, ते ब्रिटिश सर्जन म्हणजे सर जॉन चार्नली. खुब्याच्या सांधेरोपणाचे जनक म्हणून जग त्यांना ओळखतं. सांध्यातल्या जंतुसंसर्गाविरुद्ध त्यांनी दिलेली लढाई मात्र सामान्य वाचकाला फारशी ठाऊक नाही.

चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी बरी या गावी झाला. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातलं, मँचेस्टरजवळचं हे गाव कापड गिरण्यांचं. वडिलांचं औषधांचं दुकान होतं आणि आईनं परिचारिकेचं शिक्षण घेतलेलं होतं. मँचेस्टर विद्यापीठातून १९३५ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचविशीत, सर्जनची मानाची पदवी त्यांनी मिळवली. शस्त्रक्रियेइतकीच त्यांना यंत्रांची आवड होती. लेथवर स्वतः अवजारं घडवणं हा त्यांचा छंद आयुष्यभर टिकला.

दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. १९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैन्य माघारी आणलं गेलं, तेव्हा ते तिथं होते. पुढं त्यांची नेमणूक इजिप्तमध्ये झाली. मोडलेल्या हातापायांना आधार देणाऱ्या पट्ट्या आणि उपकरणं बनवण्याचं काम तिथं त्यांच्याकडं होतं. हाड आणि यंत्र यांची सांगड घालायची सवय त्यांना याच काळात लागली.

युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, ते ऑस्वेस्ट्री इथल्या अस्थिरोग रुग्णालयात काही महिने काम करत होते. हाडाचा तुकडा दुसऱ्या जागी लावला तर तो कसा रुजतो, हा प्रश्न त्यांना पडला होता. उत्तर शोधण्यासाठी त्यांनी स्वतःच्याच नडगीवर सहकाऱ्याकडून शस्त्रक्रिया करवून घेतली. जखमेत जंतू शिरले आणि हाड पिकलं. ते निस्तरण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. तरुण, धडधाकट माणसाच्या हाडात शिरलेले जंतूही किती चिवट असतात, हे त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी स्वतःच्या पायावर भोगलं.

मँचेस्टरला परतल्यावर त्यांनी आधी मोडलेल्या हाडांवर आणि गुडघ्यावर काम केलं. क्षयानं किंवा संधिवातानं पार खराब झालेला गुडघा त्या काळी कायमचा जोडून टाकत. पाय वाकायचा नाही, पण दुखायचाही नाही. दोन हाडांची टोकं बाहेरून सळ्या आणि स्क्रूनं एकमेकांवर दाबून ठेवली तर ती लवकर जुळतात, हे चार्नली यांनी दाखवून दिलं. या पद्धतीवरचं त्यांचं पुस्तक १९५३ मध्ये आलं. बदललेला सांधा जंतूंमुळे वारंवार निकामी झाला, तर गुडघा असा जोडून टाकण्याचा मार्ग आजही अखेरचा उपाय म्हणून वापरला जातो.

खुब्याकडं ते वळले एका विचित्र तक्रारीमुळे. एका रुग्णाच्या खुब्यात प्लास्टिकचा गोळा बसवलेला होता. तो हालचाल केली की करकरायचा. घरच्यांना तो आवाज इतका असह्य व्हायचा की रुग्णाच्या बायकोला जेवणाच्या टेबलावर त्याच्याबरोबर बसवत नसे. दुसऱ्या कुणी ही तक्रार हसण्यावारी नेली असती. चार्नली यांनी मात्र त्यातून घर्षणाचा प्रश्न ओळखला. निसर्गानं दिलेल्या सांध्यात कूर्चा आणि वंगणासारखा द्रव असतो, म्हणून घर्षण जवळजवळ नसतंच. कृत्रिम सांध्यात वंगण टिकत नाही, तेव्हा तो मुळातच घसरट पदार्थाचा असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

त्यांनी टेफ्लॉन निवडलं. मांडीच्या हाडात धातूचा लहान गोळा आणि कमरेच्या हाडात टेफ्लॉनची वाटी. दोन्ही पक्के बसवण्यासाठी दातांच्या डॉक्टरांकडं वापरलं जाणारं ॲक्रिलिक सिमेंट. १९५८ नंतर सुमारे तीनशे रुग्णांना असे सांधे बसवले गेले. वर्षानुवर्षं खिळून पडलेली माणसं चालू लागली.

पण दोन-तीन वर्षांतच टेफ्लॉन झिजू लागलं. झिजलेल्या कणांमुळे सांध्याभोवती गाठीसारख्या सुजा येऊ लागल्या आणि हाड खाल्लं जाऊ लागलं. चार्नली यांनी हे लपवलं नाही. ज्यांना सांधे बसवले होते, त्यांची पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचं काम त्यांनी स्वतःवर घेतलं. टेफ्लॉनचे कण शरीरात खरंच घातक ठरतात का, हे तपासण्यासाठी त्यांनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. काही महिन्यांनी तिथं गाठी हाताला लागू लागल्या. हा अनुभव त्यांनी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्धही केला.

मार्ग निघाला तो कापड गिरण्यांमुळेच. १९६२ मध्ये एक विक्रेता एका नव्या प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. लँकेशायरच्या यंत्रमागांमध्ये त्याची दातेरी चाकं वापरली जात. चार्नली यांना त्यात काही दम वाटला नाही. पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी, साहेब परगावी असताना, तो तुकडा झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजायचं, तितकं हे प्लास्टिक तीन आठवड्यांतही झिजलं नाही. परत आल्यावर चार्नली यांनी स्वतःची चूक मान्य केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॉलिथिलीनची वाटी वापरायला सुरुवात केली. आज जगभर बसवल्या जाणाऱ्या बहुतेक गुडघ्यांमध्ये धातूच्या दोन भागांच्या मधे जो पांढरा प्लास्टिकचा तुकडा असतो, तो याच पॉलिथिलीनचा सुधारलेला अवतार आहे.

झिजेचा प्रश्न आटोक्यात आला, पण जंतूंचा प्रश्न समोर उभाच होता. चार्नली यांचं काम राइटिंग्टन रुग्णालयात चालायचं. मुळात ते क्षयरोग्यांसाठीचं रुग्णालय. औषधं आल्यावर क्षयाचे रुग्ण कमी झाले आणि तिथं खुब्याच्या शस्त्रक्रियांचं केंद्र उभं राहिलं. तिथल्या सुरुवातीच्या रुग्णांपैकी शंभरात सात ते नऊ जणांच्या सांध्यात पू होत होता. काहींना तो लगेच, तर काहींना वर्ष-दीड वर्षानंतर व्हायचा. आतडी किंवा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत जखम पिकली तर ती साफ करून बरी करता येते. सांध्यात मात्र जंतू शिरले की बसवलेला सगळा भाग काढून टाकण्याची पाळी यायची.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जिवंत हाडामांसात रक्त खेळतं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गाठून मारतात. धातू आणि प्लास्टिकला रक्तपुरवठा नसतो. तिथं पोचलेले जंतू पृष्ठभागाला चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. पाण्याच्या टाकीत आतल्या बाजूला बुळबुळीत थर बसतो, तसाच हा थर असतो. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. या थराआड पांढऱ्या पेशी नीट पोचत नाहीत आणि प्रतिजैविकांचाही पुरेसा परिणाम होत नाही. एरवी जखम पिकायला लाखो जंतू लागतात, परकी वस्तू आत असली तर मोजकेही पुरतात. त्यातले बरेचसे आपल्याच त्वचेवर राहणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे असतात. त्वचेवर ते निरुपद्रवी असतात, सांध्यात गेले की घात करतात.

बायोफिल्म हा शब्द त्या वेळी रूढ नव्हता. पण मोजके जंतूही पुरेसे ठरत आहेत, हे चार्नली यांच्या लक्षात आलं होतं. मग ते येतात कुठून? अवजारं उकळलेली, हात धुतलेले, चादरी निर्जंतुक. उरली ती हवा. माणसाच्या अंगावरून दर मिनिटाला त्वचेचे हजारो सूक्ष्म कण गळत असतात आणि त्यातल्या काहींवर जंतू बसलेले असतात. शस्त्रक्रियागृहात पाच-सात माणसं वावरतात आणि जखम तास-दीड तास उघडी असते. चार्नली यांनी जंतू वाढवण्याच्या ताटल्या शस्त्रक्रियेच्या वेळी उघड्या ठेवून किती जंतू पडतात, ते मोजायला सुरुवात केली.

हवा स्वच्छ कशी करायची, हे विचारायला ते गेले ते गिरण्यांमध्ये हवा खेळवण्याचं काम करणाऱ्या हॉवर्थ यांच्या कंपनीकडं. तिच्या मदतीनं त्यांनी शस्त्रक्रियागृहाच्या आतच एक छोटी बंदिस्त खोली उभारली. लोक तिला ग्रीनहाऊस म्हणू लागले. वरून गाळलेली हवा सतत खाली वाहायची आणि जंतूंना बाहेर ढकलायची. आत फक्त शस्त्रक्रिया करणारी माणसं. रुग्णाचं डोकं आणि भूल देणारे डॉक्टर खोलीच्या बाहेर. पुढं त्यांनी सर्जनसाठी डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोशाख बनवला. पोशाखातली हवा नळीनं बाहेर ओढून घेतली जायची, म्हणजे सर्जनचा श्वास आणि अंगावरचे कण जखमेपर्यंत पोचायचेच नाहीत. दिसायला तो अंतराळवीरासारखा होता.

अनेक सहकाऱ्यांना हा सगळा अतिरेक वाटला. प्रतिजैविकं उपलब्ध असताना एवढा खटाटोप कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. चार्नली यांनी मात्र या काळात सरसकट प्रतिजैविकं देणं टाळलं. औषधं दिली असती तर फायदा हवेमुळे झाला की औषधामुळे, हे कळलं नसतं. दरवर्षी किती सांधे बसवले, किती पिकले, कोणत्या हवेत पिकले, याची नोंद ते ठेवत राहिले. १९७० पर्यंत राइटिंग्टनमधलं जंतुसंसर्गाचं प्रमाण एका टक्क्याच्या खाली आलं. या यशाचं सगळं श्रेय त्यांनी हवेला दिलं नाही. दुहेरी हातमोजे, घट्ट विणीचे कपडे आणि जखम थराथरानं नीट शिवणं, यांचाही त्यात वाटा असल्याचं त्यांनी नमूद केलं.

रुग्णांशीही त्यांचं नातं या नोंदींमुळे वेगळं होतं. मृत्यूनंतर बसवलेला सांधा तपासणीसाठी काढू द्यावा, अशी विनंती ते रुग्णांना करत आणि अनेकांनी ती मान्य केली. पंधरा-वीस वर्षं वापरलेला सांधा आतून कसा दिसतो, हे त्यामुळे कळू लागलं. आपला सांधा वापरू इच्छिणाऱ्या सर्जननी आधी राइटिंग्टनला येऊन शिकावं, असाही त्यांचा आग्रह असे.

गुडघ्याच्या सांधेरोपणाची वाटही राइटिंग्टनमधूनच गेली. इंजिनिअरिंग शिकलेले कॅनडाचे सर्जन फ्रँक गन्स्टन तिथं काम करायला आले होते. धातू, पॉलिथिलीन आणि सिमेंट हेच त्रिकूट त्यांनी १९६८ च्या सुमारास गुडघ्यासाठी वापरलं. पुढं १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि भारतीय वंशाचे चित्तरंजन राणावत यांच्या चमूनं जो गुडघा तयार केला, तो आजच्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांचा पूर्वज. याच राणावत यांनी ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा गुडघा बदलला आणि गुडघा बदलणं हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचला.

चार्नली यांना १९७४ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९७७ मध्ये सर हा किताब मिळाला. स्वच्छ हवेबद्दल मात्र वाद चालूच होता. त्याचा निकाल लावण्यासाठी ब्रिटन आणि स्वीडनमधल्या १९ रुग्णालयांत खुबा आणि गुडघ्याच्या आठ हजारांहून जास्त शस्त्रक्रियांवर मोठी चाचणी झाली. साध्या शस्त्रक्रियागृहात ४,१३३ पैकी ६३ सांधे पिकले, तर अतिस्वच्छ हवेत ३,९२२ पैकी २३. जोडीला बंदिस्त पोशाख वापरला तिथं प्रमाण आणखी घटलं. प्रतिजैविकांचाही फायदा स्पष्ट दिसला. हे निष्कर्ष जुलै १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर महिन्याभरात, ५ ऑगस्ट १९८२ रोजी, हृदयविकारानं चार्नली यांचं निधन झालं.

विज्ञान तिथं थांबलं नाही. आता शस्त्रक्रियेच्या आधी शिरेतून प्रतिजैविक देणं हा नियम झाला आहे. अशा काळात झोतासारखी खाली वाहणारी हवा वेगळा फायदा देते का, यावर नव्या नोंदींनी शंका घेतली. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांधेरोपणासाठी अशी यंत्रणा वापरू नये, असं सुचवलं. अनेक सर्जन आजही ती वापरतात. निरोगी गुडघा पूर्णपणे निर्जंतुक असतो, या जुन्या समजुतीचीही फेरतपासणी चालू आहे. जनुकीय चाचण्यांत संसर्ग नसलेल्या सांध्यांतही जिवाणूंच्या खुणा सापडल्या आहेत. त्या जिवंत जिवाणूंच्या की नुसते अवशेष, यावर संशोधकांत मतभेद आहेत. स्वतःचं मत मोजमापापुढं बाजूला ठेवणाऱ्या चार्नली यांना यात वावगं वाटलं नसतं.

चार्नली यांनी शस्त्रक्रियागृहातले जंतू रोखले. घरातून येणारे जंतू रोखणं रुग्णाच्या हाती आहे. गुडघ्यावर मांसाचं आवरण पातळ असतं, त्यामुळे वरच्या त्वचेची जखम आत पोचायला वेळ लागत नाही. दुखऱ्या गुडघ्यावर बिब्बा लावून फोड आणणं किंवा डाग देणं आपल्याकडं अजून चालतं. अशा जखमा पूर्ण भरल्याशिवाय सांधा बदलता येत नाही. गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर साधारण तीन महिने थांबावं लागतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घरी वस्तऱ्यानं केस काढू नयेत, कारण बारीक कापल्या जागी जंतू घर करतात. साखर आटोक्यात हवी. किडलेले दात, लघवीतला संसर्ग, नखुरडं, उसाच्या फडात पायात मोडलेला काटा, टाचांच्या चिघळलेल्या भेगा यांवर आधी उपचार हवेत. तंबाखू आणि विडी जखम भरू देत नाहीत, तीही सोडायला हवी.

ऑपरेशननंतरही सावध राहावं लागतं. पायाची जखम किंवा दाताचा पू यांतून जंतू रक्तात जातात आणि दहा वर्षांपूर्वी बसवलेल्या सांध्यातही पोचू शकतात. टाक्यांतून पाणी झिरपत राहिलं, बरा झालेला गुडघा पुन्हा दुखू लागला, सुजला, गरम लागला किंवा ताप आला, तर मेडिकलमधून गोळ्या घेऊन बघू नये. त्यानं दुखणं दबतं, पण जंतू थराआड जिवंत राहतात आणि सांध्यातल्या पाण्याच्या तपासणीत सापडेनासे होतात. ज्यांनी सांधा बसवला त्यांच्याकडं त्याच आठवड्यात जावं. पहिल्या काही आठवड्यांत गाठलेला संसर्ग सांधा धुऊन आणि आतलं प्लास्टिक बदलून बरेचदा आटोक्यात येतो. उशीर झाला तर अख्खा सांधा काढून, प्रतिजैविक मिसळलेलं सिमेंट काही आठवडे आत ठेवून, मग नवा सांधा बसवावा लागतो. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आहे म्हणून दाखवायला जाणं पुढं ढकललं, तर जंतूंना तेवढाच वेळ मिळतो.